तारखेच्या दिवशीची पेज : रत्नागिरीत कोर्टाजवळची काकींची खानावळ

या खानावळीला पाटी नाही, म्हणून पत्ता आधी सांगतो. रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयातून बाहेर पडून उताराने पाच-सात मिनिटं चाललं की चिऱ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण लागतं. आत कौलारू घर, अंगणात तुळस, पडवीत चार टेबलं आणि माजघरात तीन. कोर्टाच्या आवारात कुठल्याही टायपिस्टला किंवा झेरॉक्सवाल्याला ‘काकींची खानावळ’ विचारा, तो हातातलं काम न थांबवता मानेनेच दिशा दाखवील. गेल्या आठ-नऊ महिन्यांत मी इथे चार वेळा जेवलो. चारही वेळा कोर्टाच्या कामाने. रत्नागिरीत हौसेने जेवायला आलेल्यांसाठी हॉटेलं पुष्कळ आहेत. हे मी लिहितोय ते तारखेला येणाऱ्यांसाठी.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतला निवृत्त शिक्षक. चौतीस वर्षं नोकरी, सगळी किनाऱ्यावरच्या गावांत. गेल्या पावसाळ्यात साक्षीचं समन्स आलं. माझ्या हाताखालून गेलेल्या एका मुलावर खुनाचा आरोप आहे आणि ज्याचा जीव गेला तोही माझाच विद्यार्थी. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रवेशाच्या नोंदवहीत, दोघांची नावं चार पानांच्या अंतराने आहेत, दोन्ही माझ्या अक्षरात. गाव, तालुका, नावं काही लिहिणार नाही. बाल न्याय कायद्याचं ७४ वं कलम अशा अल्पवयीन मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड आहे. कलम नसतं तरी मी लिहिलं नसतं. पुढे सण-वार येतील तेही थोडे हलवून सांगतोय. घटनेबद्दल एवढंच : बंदरावरचं भांडण, रात्रीची वेळ, मासे कापायची सुरी. आरोपी सतरा वर्षं नऊ महिन्यांचा. गेलेला एकोणीसचा.

आता जेवणाकडे येतो. बांगड्याची थाळी १८० रुपये, शाकाहारी १००, सुरमई किंवा पापलेट असेल तर त्या दिवशीच्या भावाप्रमाणे. थाळीत तांदळाची भाकरी, भात, तिखलं म्हणजे माशाचं तिखट कालवण, एक तळलेला तुकडा, सुकी भाजी आणि सोलकढी. भाकरी तव्यावरून थेट पानात येते, आधी करून ठेवलेली नव्हे. तिखल्यात तिरफळ ठेचून घातलेलं असतं, वाटून नाही. वाटलं की कडवटपणा उतरतो, हे काकींना सांगावं लागत नाही. सोलकढी नारळाच्या पहिल्या दुधाची, दाट, वरून कोथिंबीर. नोव्हेंबरात गेलो तेव्हा काळ्या वाटाण्याची उसळ होती, मार्चमध्ये ओल्या काजूची. ओल्या काजूची उसळ मी घरी इतकी वर्षं खातोय, पण काकींच्या हातचा काजू मऊ होऊनही फुटत नाही. मासेमारी बंद असते त्या दिवसांत ताजी मासळी मागू नका. तेव्हा सुकं मिळतं आणि ते चांगलं असतं. शीतपेटीतली जुनी सुरमई ताजी म्हणून वाढायचा प्रकार या घरात नाही.

पण या खानावळीत खायची वस्तू म्हणजे पेज. उकड्या तांदळाची, लालसर, कणी मऊ शिजलेली, मोठ्या काशाच्या वाडग्यात. सोबत भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा किंवा जवळ्याची चटणी, शाकाहारी असाल तर खारातली मिरची. किंमत ४० रुपये. सकाळी साडेआठला टोप उतरतो, साडेदहाला संपतो. पहिल्या दिवशी मी थाळीची चौकशी केली तेव्हा काकींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “तारखेला आलाव ना? मग पेज घेवा. तारखेच्या दिवशी घास उतरत नाय, पेज उतरते.” तसंच झालं. एस.टी.त साडेतीन तास बसून आलो होतो, पोटात गोळा होता, शाळेतला पहिला दिवस असावा तसा. वाडगा संपला तेव्हा हाताची थरथर थांबली होती.

बसायची पद्धत इथे वेगळी आहे आणि ती माहीत असलेली बरी. हात धुवून आलात की काकी विचारतात, “कुनाकडचे?” म्हणजे फिर्यादीकडचे की आरोपीकडचे. फिर्यादीकडची माणसं पडवीत, आरोपीकडची माजघरात. दोन्ही खोल्यांना वाढपी वेगळा, हात धुवायची जागा वेगळी. कारण त्यांनीच सांगितलं : पूर्वी एका तारखेला दोन्हीकडची माणसं शेजारच्या टेबलांवर बसली, शब्दाला शब्द लागला आणि ताट उडालं. तेव्हापासून हा रिवाज. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, “मी शाळेकडचा.” त्या क्षणभर थांबल्या, मग स्वयंपाकघराच्या दाराशी एक छोटं टेबल आहे तिथे बसवलं. तिथून पडवीही दिसते आणि माजघरही. चारही वेळा माझी जागा तीच.

त्या पहिल्या खेपेला माझ्याबरोबर आमच्या शाळेच्या आत्ताच्या मुख्याध्यापिका होत्या, तिशीच्या, हुशार. रजिस्टर त्यांच्या ताब्यात, मी फक्त अक्षर ओळखून द्यायला. जुलैचा पाऊस कोसळत होता. रजिस्टर प्लास्टिकमध्ये, त्यावर पेपर, त्यावर पिशवी. टेबलावर ठेवावं तर ओलं, जमिनीवर ठेवायला मन धजेना. मॅडम ते मांडीवर घेऊन पेज पीत होत्या. काकींनी पाहिलं, आतून एक पाट आणला, धुतलेला पंचा त्यावर घातला आणि बाजूच्या खुर्चीवर ठेवून म्हणाल्या, “हितं ठेवा पुस्तक. कुनी हात लावायचा नाय.” पुढच्या दोन्ही खेपांना पाट आणि पंचा आम्ही यायच्या आधीच खुर्चीवर होता. ग्राहकसेवा हा शब्द मी आजवर कधी वापरला नव्हता, इथे वापरतो.

त्या पुस्तकावरच सगळं अडलं होतं. आरोपी अठराच्या आत की वर? वर असेल तर खटला थेट मोठ्यांसारखा, फाशीपर्यंतची शिक्षा. आत असेल तर आधी मुलांची प्रकरणं पाहणारं बाल न्याय मंडळ. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात वय ठरवायचा क्रम दिला आहे : आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, तोही नसेल तरच हाडांची तपासणी. म्हणजे बारा वर्षांपूर्वी जून महिन्यात, दारात रांग लागलेली असताना, मी निळ्या शाईने अंकी आणि अक्षरी लिहिलेली एक ओळ.

मुलाचा जन्म आईच्या माहेरी झाला, सुईणीच्या हातून. नोंद कुणी केली नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याचं १४ वं कलम तसं स्पष्ट सांगतं. मग मी आईला विचारलं, कधी झाला? ती म्हणाली, “मोटा पूर आला त्याच्या म्होरल्या गनपतीत. गौरी आल्या त्या सांजला.” पूर म्हणजे जुलै २००५ चा. घरी जाऊन जुनं पंचांग काढलं, गौरी आवाहनाची तारीख पाहिली आणि ती लिहिली. त्या दिवशी मी एवढे कष्ट घेतले याचा आज मला आधार वाटतो. कारण नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही तसं करत नव्हतो. तारीख ठाऊक नसेल तर ‘१ जून’ लिहायचं, वय शाळेत बसेल असं साल टाकायचं, पुढच्याला बोलवायचं. खेड्यापाड्यांतल्या किती माणसांचे वाढदिवस एक जूनला येतात ते कुठल्याही शिक्षकाला विचारा. ती चूक माझ्या हातून झाली आहे, आणि त्यातल्या कुणावर अशी वेळ आली असती तर ती तारीख पाचसात महिने मागे-पुढे असती. पाचसात महिन्यांत माणूस फासावर जातो किंवा जात नाही.

हे मी वाढवून सांगत नाही. पुण्यातलं १९९४ चं राठी कुटुंबाचं हत्याकांड आमच्या वयाच्या सगळ्यांना आठवतं. सात जीव गेले, त्यात लहान मुलंही होती. त्यातल्या एकाला फाशी झाली, सर्वोच्च न्यायालयाने ती कायमही केली. मार्च २०२३ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडून दिलं. कारण गुन्ह्याच्या वेळी त्याचं वय बारा वर्षं सहा महिने होतं. पुरावा काय? राजस्थानातल्या त्याच्या गावच्या शाळेच्या रजिस्टरातली नोंद, १ फेब्रुवारी १९८२. अठ्ठावीस वर्षं तो आत होता, त्यातली कित्येक फाशीच्या छायेत. गुन्हा भयंकर होता, त्याबद्दल मला एक शब्दही सौम्य करून लिहायचा नाही. पण बारा वर्षांचा, म्हणजे आपल्याकडे सातवीतला मुलगा. त्या शाळेतलं ते पान मानलं जायला अठ्ठावीस वर्षं लागली.

खानावळीत ही चर्चा होतेच. काकी केसबद्दल बोलू देत नाहीत, पण पेपरातल्या बातमीबद्दल कोण कुणाला थांबवणार? एकदा पडवीत एक गृहस्थ मोठ्याने सांगत होते की कायदाच पोरांच्या बाजूचा आहे, खून करा आणि निबंध लिहा. १९ मे २०२४ चा पुण्याचा अपघात त्यांच्या मनात होता. सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले आणि त्याला तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर जामीन मिळाला. ते वाचून माझंही डोकं तापलं होतं. मुलांना निबंध लिहायला लावणारा माणूस मी, दोन जिवांची किंमत तीनशे शब्द ऐकून मला लाज वाटली. त्या रागाला मी चुकीचा म्हणणार नाही. पण तो राग कायद्यात उतरला की कुणाच्या अंगावर पडतो, हे मी माजघराकडे बघून विचारतो. माजघरातली बाई बंदरावर कोळंबी सोलते. तिच्या मुलाकडे मोठे वकील नाहीत, जन्मदाखलाही नाही. त्याच्याकडे माझी एक ओळ आहे.

मॅडमचं मत माझ्यापेक्षा वेगळं आणि त्यांनी ते तोंडावर सांगितलं. “गुरुजी, सतरा वर्षं नऊ महिने. अजून तीन महिने गेले असते तर त्याला कळायला लागलं असतं का? सुरी घेऊन घरातून निघाला ना तो? गेलेल्या मुलाचा काय दोष, तो दोन वर्षं आधी जन्मला हा?” या प्रश्नाला सोपं उत्तर नाही आणि मी दिलं नाही. कुठलीही रेघ काठावरच्या माणसाला कापतेच. मतदानाची कापते, लायसनची कापते. पण ही रेघ पूर्वीसारखी सरळ उरलेली नाही, हे बहुतेकांना माहीत नसतं, मॅडमनाही नव्हतं.

दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या निर्भया प्रकरणात एक आरोपी अठराला काही महिने कमी होता. त्याला तेव्हाच्या कायद्याने जास्तीत जास्त होती तेवढी, तीन वर्षं सुधारगृहाची शिक्षा झाली. या प्रकरणानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने वयाची मर्यादा खाली आणू नये असं सांगितलं होतं, पण लोकांचा संताप ऐकायला तयार नव्हता. २० डिसेंबर २०१५ ला तो सुटला आणि दोनच दिवसांनी राज्यसभेत नवीन विधेयक मंजूर झालं. जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या या कायद्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलावर खुनासारखा गुन्हा असेल तर मंडळ आधी त्याचं प्राथमिक मूल्यांकन करतं : शरीराने-मनाने असा गुन्हा करण्याइतका तो मोठा होता का, परिणाम त्याला कळत होते का, कुठल्या परिस्थितीत घडलं. मग मंडळ त्याला बाल न्यायालयाकडे पाठवू शकतं आणि तिथे त्याच्यावर मोठ्यांसारखा खटला चालू शकतो. शिक्षा लांब असू शकते. एकवीस वर्षांपर्यंत त्याला तुरुंगात नाही, सुरक्षित ठिकाणी ठेवायचं. एकवीसला न्यायालय पुन्हा पाहतं, मुलगा बदलला का. बदलला असेल तर देखरेखीखाली सुटका, नसेल तर उरलेली शिक्षा तुरुंगात. फक्त दोन गोष्टी करता येत नाहीत : फाशी आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप. आमच्या केसमध्येही मंडळाने वय अठराच्या आत धरलं आणि पुढे खटला बाल न्यायालयात गेला. म्हणजे माझ्या त्या ओळीने मुलगा सुटलेला नाही.

हे सगळं मला नीट समजावलं ते माझ्या टेबलाशी येऊन बसलेल्या एका ज्युनिअर वकील मुलीने. तिला जागा मिळत नव्हती आणि कुणाकडचं विचारल्यावर ती काकींना म्हणाली होती, “आज कुणाकडचीच नाही, भूक लागलीय.” तिने गुरुग्रामच्या शाळेतल्या खुनाच्या खटल्याचा जुलै २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगितला. मूल्यांकन हे नाजूक काम आहे, मंडळात बालमानसशास्त्र जाणणारं कुणी नसेल तर तज्ज्ञाची मदत घ्यावीच लागेल, असं त्यात आहे. आणि परिणाम कळणं म्हणजे सुरी मारली की माणूस मरतो एवढं कळणं नव्हे, मरणाऱ्याच्या घरावर आणि आपल्या घरावर पुढे वर्षानुवर्षं काय कोसळणार ते कळणं, असंही. भाकरी मोडता मोडता तिने हे सांगितलं आणि मी भाकरी खाली ठेवली. चौतीस वर्षांत सहावी-सातवीची, पुढे हायस्कुलात गेलेली किती मुलं पाहिली. दगड मारला तर डोकं फुटतं हे पहिलीतल्या पोरालाही कळतं. पण ज्याचं फुटलं त्याची आई रात्री काय करील हे सतराव्या वर्षी कितीजणांना कळतं? मला स्वतःला ते कधी कळलं? वडील गेले तेव्हा, तेविसाव्या वर्षी.

अमेरिकेतसुद्धा २००५ पर्यंत सतरा वर्षांच्या वयात केलेल्या खुनाला फाशी होऊ शकत होती, हेही तिच्याकडूनच कळलं. त्या वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती बंद केली आणि २०१२ मध्ये अल्पवयीनांना सरसकट, कायद्याने ठरवून दिलेली, सुटकेविना जन्मठेप घटनेविरुद्ध ठरवली. आपण मुलांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार १९९२ मध्येच स्वीकारला, त्यातही या दोन शिक्षा नकोत असं आहे. मॅडम ऐकत होत्या. मत बदललं असं त्या म्हणाल्या नाहीत. रजिस्टरवरचा पंचा मात्र त्यांनी पुन्हा सारखा केला.

जुलैतल्या दुसऱ्या तारखेचं एक सांगायचं राहिलं. मंडळ कोर्टाच्या इमारतीत बसवायचं नाही असा नियम आहे, त्यामुळे साक्ष दुसरीकडे झाली, पण सकाळची पेज मी इथेच घेतली. पडवीत गेलेल्या मुलाचा बाप बसला होता. मी त्याला ओळखतो, तो ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख. वाडगा घेऊन तो उठला आणि सरळ माझ्या टेबलाशी आला. काकी दारात होत्या, त्यांनी पाहिलं, अडवलं नाही.

“गुरुजी, ती तारीख तुमी लिवलीत?”

“हो.”

“आनि माज्या पोराची?”

“तीही मीच.”

तो बसला. पेजेवर साय धरायला लागली होती, त्याने बोटाने ती बाजूला केली. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “त्येची तारीख समदे इचारतात. वकील इचारतो, सायब इचारतो. माज्या पोराची तारीख आता कोन इचारीत नाय.”

माझ्याकडे बोलायला काही नव्हतं. मी रजिस्टर उघडलं, चार पानं मागे गेलो आणि त्याच्या मुलाची ओळ वाचून दाखवली. नाव, आईचं नाव, जन्मस्थळ, तारीख अंकी, तारीख अक्षरी. त्याने ऐकलं. मग पेज संपवली आणि वाडगा स्वतः आत नेऊन ठेवला.

कडक शिक्षेवर भांडणाऱ्यांनी, दोन्ही बाजूंच्या, या माणसाकडे पाहावं असं मला वाटतं. त्याच्यासाठी आम्ही बोलतो ते फक्त समोरच्या पोराला किती वर्षं द्यायची एवढंच. पुढची तारीख कधी, खटला कुठे पोचला, त्याला काय मागता येतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. कर्ता मुलगा गेला, बोटीवरची उचल फिटायची बाकी. ज्युनिअर वकील मुलीनेच नोव्हेंबरात विचारलं, “यांनी नुकसानभरपाईचा अर्ज केलाय का?” गुन्ह्यात ज्याचा माणूस जातो त्याच्या कुटुंबासाठी पीडित नुकसानभरपाई योजना आहे, अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा, वकिलाची फी लागत नाही. २००९ च्या अखेरीपासून कायद्यात ही तरतूद आहे. पडवीतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. तिथल्या एकालाही ते माहीत नव्हतं.

मार्चमध्ये मी चौथ्यांदा गेलो तेव्हा समन्स नव्हतं. तांडेलाने निरोप धाडला होता, गुरुजी बरोबर याल का. अर्ज आम्ही काकींच्या टेबलावरच भरला, स्वयंपाकघराच्या दाराशी. मुलाचं वय आणि वयाचा पुरावा असा एक रकाना होता. मॅडमनी शाळा सोडल्याचा दाखला आदल्या दिवशीच सही-शिक्का करून दिला होता. तारीख त्याने स्वतः लिहिली. मी सांगत गेलो, तो एकेक आकडा जपून काढत गेला, जसा पहिलीत पाटीवर काढायचा.

त्रुटीही सांगतो. हात धुवायची मागची पायरी पावसात शेवाळते, म्हाताऱ्या माणसांनी जपून जावं, तिथे पत्र्याचा आडोसा आणि धरायला दांडा हवाच. मी काकींना दोनदा सांगितलं, त्यांनी मार्चपर्यंत दांडा लावलेला होता, आडोसा अजून नाही. शौचालय एकच आहे. फोनवरून पैसे देता येतात, पण घर उताराच्या पोटात असल्याने रेंज जाते, तेव्हा रोख जवळ ठेवा. दुपारी एक ते दोन गर्दी इतकी की माजघरात उभं राहावं लागतं, आणि वाढपी दोनच. घाईत असाल तर थाळी मागू नका. रविवारी आणि कोर्टाच्या सुट्टीत बंद, मे महिन्यात जवळजवळ पूर्ण बंद. ज्यांच्याकडे पैसे नसतात त्यांच्याकडून पेजेचे काकी घेत नाहीत, हे मी पाहिलंय, पण त्यांना ते बोललेलं आवडत नाही. तेव्हा ज्यांच्याकडे आहेत त्यांनी सुटे मागत बसू नये.

पेज हवी असेल तर साडेदहाच्या आत पोचा. आमच्या बाजूने येणाऱ्यांनी पहाटे सव्वापाचची गाडी धरावी, पुढच्या गाडीला मिळत नाही. त्या गाडीत मुलाची आई असते, पुढच्या सीटवर, आणि तारीख असेल त्या दिवशी तांडेलही, अगदी मागे. दोघंही स्टँडवर उतरतात आणि वेगवेगळ्या रस्त्याने उतारापर्यंत येतात. काकींनी दोन्ही वाडगे भरून ठेवलेले असतात.